रिव्हेट गेला तरी चालेल, भोक जपा

मोटारीच्या दारातला रिव्हेट ही चिल्लर किमतीची वस्तू. तो ज्या पत्र्यात बसतो तो पत्रा मात्र गाडीच्या अंगाचा असतो. त्यातलं भोक एकदा वेडंवाकडं झालं की वेल्डिंग, घासकाम, प्राइमर आणि पुन्हा नव्याने भोक पाडणं, एवढं सगळं मागे लागतं. चिपळुणात गॅरेज चालवताना दारांची कामं सतत हाताखालून गेली आणि त्यातून एक गोष्ट मनात पक्की बसली. हट्टी रिव्हेटवर जोर काढणारा माणूस रिव्हेट काढतोच, पण जाता जाता भोकही घालवतो.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी शहरात शिरलं आणि उभ्या गाड्या बुडाल्या. पाणी ओसरल्यावर लोकांनी इंजिन, सीटा आणि वायरिंग बघितलं. दारांच्या आत काय झालंय हे बघायला त्या धांदलीत कुणाला सवड होती? दाराच्या पोटात गाळ बसला होता, पाणी निघून जायची खालची भोकं बुजली होती आणि ओल आतल्या आत मुरत राहिली. पुढे एकेक तक्रार यायला लागली. काच अर्ध्यावर अडकते, मोटरचा आवाज येतो पण काच हलत नाही, स्पीकर खरखरतो. डोअर पॅड काढून बघावं तर गंजून लाल झालेले रिव्हेट.

त्यातली एक गाडी दुसरीकडे उघडून, काम अर्धवट टाकून माझ्याकडे आली. काचेचं मशीन चार रिव्हेटवर होतं. तीन काढले होते, चौथ्याला हात लावून सोडून दिला होता. तिन्ही भोकं अंड्यासारखी लांबट झालेली. प्रत्येकाच्या शेजारी चकचकीत ओरखडा, ड्रिलचं बिट घसरून पत्र्यावर फिरलं होतं त्याचा. एका ठिकाणी लांब बिट आरपार गेलं होतं आणि बाहेरच्या रंगवलेल्या पत्र्याला आतून पुळी आली होती. काचेचं काम घेऊन आलेल्या मालकाला दाराचं डेंटिंग-पेंटिंगही करावं लागलं. आधी काम केलेल्या माणसाला ड्रिल चालवता येत नव्हतं असं नाही. रिव्हेटच्या आत काय असतं हे त्याने लक्षात घेतलं नव्हतं.

आत काय असतं

दारात बहुतेक वेळा पॉप रिव्हेट असतो. एक पोकळ नळी, तिला वर चपटी टोपी, आणि नळीतून गेलेला खिळा. रिव्हेट गन खिळा ओढते, खिळ्याचं मागचं बोंड नळीला फुगवतं, पत्रे आवळले जातात आणि खिळा ठरलेल्या जागी तुटतो. तुटलेल्या खिळ्याचा तुकडा आतच राहतो. सगळा त्रास या तुकड्याचा. नळी बऱ्याचदा अॅल्युमिनियमची, म्हणजे मऊ, आणि खिळा पोलादी. ड्रिलचं टोक कठीण खिळ्यावर टेकतं, तिथे त्याला पकड मिळत नाही, ते बाजूच्या मऊ धातूत घसरतं आणि तिथून दाराच्या पत्र्यात. दाराचा आतला पत्रा जेमतेम पाऊण मिलिमीटरच्या आसपास जाड असतो. घसरलेल्या बिटापुढे तो किती टिकणार?

म्हणून पहिला नियम: आधी खिळा, मग टोपी. खिळ्यापेक्षा किंचित बारीक पिन पंच घ्या, टोपीच्या बरोबर मधे टेकवा आणि हातोडीचा नेमका, बेताचा ठोका द्या. खिळा मागे सरकला की आवाज बदलतो आणि पंच आत जातो. मग टोपीच्या मधल्या भोकात बिट आपोआप बसतं, घसरायला जागाच उरत नाही. गंजलेल्या रिव्हेटला आधी तारेचा ब्रश मारून खिळ्याची कड मोकळी करा आणि गंज सोडवणारं तेल टाकून थोडा वेळ थांबा. खिळा तरीही हलला नाही, तर सेंटर पंचने मधोमध खोल खूण करा, बारीक बिटाने खिळ्यातच वाट पाडा आणि पुन्हा पंच लावा. ठोके देताना आतला पत्रा थरथरत असेल तर मागे हात पोचेल तिथे लाकडाचा तुकडा धरायला कुणाला तरी सांगा.

ड्रिल हातात घेण्याआधी

काच आधी पूर्ण वर घ्या. मशीन बंद असेल तर काच दोन्ही तळव्यांत धरून ढकला आणि दाराच्या चौकटीवरून आत-बाहेर रुंद, चिकट टेप मारून पक्की बांधा. दाराची काच बहुतेक गाड्यांत टफन्ड असते. तिच्या कडेला फिरतं बिट लागलं तर तडा जाऊन थांबत नाही, अख्खी काच चुरा होऊन दारात सांडते. काच मशीनवर टेकलेली असेल आणि तुम्ही शेवटचा रिव्हेट काढलात, तरी ती खाली आपटते.

दुसरी गोष्ट स्प्रिंगची, आणि ही मी हात जोडून सांगतो. कात्रीसारख्या दोन दांड्यांच्या काच मशीनमध्ये काचेचं वजन पेलायला गुंडाळलेली जाड स्प्रिंग असते. मशीन अडकलं म्हणजे तिचा ताण गेला असं नाही. मी ज्या गॅरेजात शिकलो तिथे एका पोराने मशीन टेबलावर ठेवून मोटरचे स्क्रू काढले. मोटर सुटताच दांडा सपकन फिरला आणि त्याच्या बोटांवर बसला. आवाज ऐकून आम्ही सगळे वळलो तेव्हा तो हात काखेत दाबून खाली बसला होता. मोटरच्या दात्यांनीच त्या दांड्याला धरून ठेवलेलं असतं. म्हणून मोटर सोडवण्याआधी दांडा आणि मशीनचा पाटा यांच्यात बोल्ट घालून किंवा क्लॅम्पने आवळून तो जाम करा. मोटर रिव्हेटनेच बसवलेली असेल तर हे आणखी महत्त्वाचं, कारण शेवटची टोपी नेमकी कधी सुटेल हे आधी कळत नाही.

तिसरं, इग्निशन बंद आणि बॅटरीची निगेटिव्ह केबल काढलेली. बऱ्याच नव्या गाड्यांत बाजूच्या एअरबॅगचा सेन्सर दारात असतो. केबल काढल्यावर किती वेळ थांबायचं ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं, तेवढं थांबा. मग पत्र्यामागून वायरिंग कुठून गेलंय ते टॉर्च लावून बघा आणि बाजूला बांधा. बिटावर टोकापासून सात-आठ मिलिमीटरवर टेपचे वेढे द्या, म्हणजे किती आत गेलो ते डोळ्याला दिसतं. डोळ्यांवर गॉगल हवाच. सुती हातमोजे मात्र नकोत, फिरतं बिट त्यांचा धागा धरून हात ओढून घेतं. कोकणातल्या पावसाळ्यात ओल्या फरशीवर उभं राहून वायरीचं ड्रिल चालवू नका.

टोपी उडवायची, नळी नाही

बिट साधारण रिव्हेटच्या नळीइतकंच जाड घ्या, उगाच मोठं अजिबात नको. दारात ४.८ आणि ६.४ मिलिमीटरचे रिव्हेट नेहमी भेटतात. ४.८ ला पाचचं बिट पुरतं, ६.४ ला साडेसहाचं. "मोठं बिट लावलं की लवकर सुटेल" हा विचार त्या लांबट भोकांच्या मुळाशी असतो.

वेग कमी, दाब सारखा, बिट पत्र्याशी काटकोनात. पोलादी रिव्हेटवर तेलाचा थेंब सोडा. बिटाला धार असेल तर धातूची गुंडाळी सलग सुटते. धूर आला, किंचाळल्यासारखा आवाज आला, चुरा निळा पडला, तर तिथेच थांबा. बिट बोथट झालंय किंवा वेग जास्त आहे. जोर वाढवून काम पुढे जात नाही, फक्त तापतं. टोपी सुटण्याचा क्षण अगदी स्पष्ट असतो: हाताला लागणारा दाब एकदम हलका होतो आणि टोपी बिटावर चढून त्याच्याबरोबर फिरायला लागते. त्याच क्षणी ड्रिल थांबवा. आता भोकात उरलेली नळी पंचच्या एका ठोक्याने मागे पडते, आणि भोक कंपनीतून आलं तसं राहतं.

बिटाबरोबर फिरणारा रिव्हेट

सगळ्यात जास्त संयम इथे लागतो. रिव्हेट थोडा सैल असला की कापला न जाता बिटाबरोबर गरगर फिरतो. फिरत राहिला तर तोच कानस होऊन भोक मोठं करतो. दोन-तीन फेऱ्यांतच कळतं, तेव्हा लगेच ड्रिल बाजूला ठेवा.

टोपीखाली पातळ स्क्रूड्रायव्हर किंवा पटाशीची धार सरकवून तिला एका बाजूने तिरका ताण द्या आणि तसा धरून सावकाश ड्रिल करा. टोपीची कड वर आली असेल तर ग्रिप प्लायरने पकडा. स्पीकरच्या किंवा आतल्या पत्र्यातल्या मोठ्या खिडकीतून मागे हात पोचत असेल तर मागचं फुगलेलं टोक पकडीत धरणं सगळ्यात सोपं. हे काहीच जमलं नाही तर छोट्या ग्राइंडरने टोपी घासून पातळ करा आणि राहिलेली कड छिन्नीने उचला. पण ग्राइंडर लावण्याआधी काच, सीट आणि डॅशबोर्ड ओल्या जाड कापडाने झाका. ठिणग्या काचेत रुततात आणि ते ठिपके पुन्हा निघत नाहीत. छिन्नी सपाट धरा आणि अॅल्युमिनियमच्याच टोपीवर वापरा. पोलादी टोपीवर छिन्नी मारली की टोपीआधी पत्रा वाकतो.

दाराच्या पोटातली सफाई

ड्रिल करण्याआधी दारात खाली जुनं फडकं पसरून ठेवलंत तर अर्धं काम वाचतं. आत पडलेल्या नळ्या गाडी खड्ड्यातून गेली की खुळखुळतात आणि गिऱ्हाईक तक्रार घेऊन परत येतं. चुंबकाने पोलादी तुकडे निघतील, अॅल्युमिनियमचे नाही. त्यांना व्हॅक्यूम लावा किंवा काठीच्या टोकाला ग्रीस लावून उचला. चुरा आत राहिला तर पहिल्या पावसात तोच गंजाला सुरुवात करून देतो. गाळ धुऊन काढा, खालची भोकं तारेने मोकळी करा, दार कोरडं होऊ द्या. भोकाची धार मोठ्या बिटाने, पण बिट हातात धरून, हलकेच साफ करा आणि उघड्या कडेला झिंक प्राइमर लावा.

परत बसवताना

नवीन रिव्हेट जुन्याच जाडीचा, त्याच धातूचा आणि पत्र्यांच्या एकूण जाडीला बसणारा हवा. हाताची छोटी रिव्हेट गन साधारण ४.८ पर्यंतच पुरते. ६.४ चा पोलादी रिव्हेट तिने अर्धवट ओढला जातो आणि चार महिन्यांत सैल होतो. त्याला दोन हातांची लांब दांड्यांची किंवा हवेवरची गन लागते. नसेल तर सहा मिलिमीटरचा बोल्ट, रुंद वॉशर आणि नायलॉक नट चालतो. पण काच वरखाली होताना बोल्टचं टोक तिला घासत नाही ना, हे आधी बघा. स्पीकरचे रिव्हेट काढत असाल, जे फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या अनेक गाड्यांत असतात, तरी हीच पद्धत.

भोक आधीच मोठं झालेलं असेल तर जाड रिव्हेट ठोकून वेळ मारून नेऊ नका. रुंद टोपीचा रिव्हेट बसतो का बघा, नाहीतर पत्र्याच्या कारागिराकडून भोक भरून घ्या आणि नव्याने पाडा. मशीन आधी तात्पुरत्या बोल्टवर बसवा, काच दोन्ही टोकांपर्यंत चालवा, वाकडी जात नाही याची खात्री करा आणि मगच समोरासमोरचे रिव्हेट एकामागून एक ओढा. डोअर पॅडमागचा प्लास्टिकचा कागद पूर्ण चिकटवल्याशिवाय पॅड लावू नका. तो कागद फाटका राहिला की पावसाचं पाणी थेट गालिच्यात येतं. पाइपने दारावर पाणी मारून आत हात फिरवून बघा.

गाडी वॉरंटीत असेल किंवा दारात एअरबॅगचा सेन्सर असून पुस्तिका हाताशी नसेल, तर हे काम घरी करू नका. बाकी कुणालाही ते जमतं. एका रिव्हेटला पंधरा मिनिटं लागली तरी लागू द्या. मी नवीन पोराला शिकवताना निघालेले रिव्हेट बघत नाही, मागे राहिलेली भोकं बघतो. ती गोल असली तर पुढचं दार त्याच्या हातात देतो.