अणुभंजनाचा शोध चार वर्षे आधी लागला असता तर?

लढायांच्या तारखा आपण इतिहासाच्या पुस्तकात वाचतो आणि शोधांच्या तारखा विज्ञानाच्या पुस्तकात. या दोन्ही तारखा शेजारी शेजारी लिहून पाहिल्या, तर कधी कधी फार विचार करण्यासारखे काही हाती लागते.

1938 च्या डिसेंबरात बर्लिनमध्ये असे आढळले, की न्यूट्रॉनच्या माऱ्याने युरेनियमच्या अणुकेंद्राचे दोन मोठे तुकडे होतात. यालाच आपण अणुभंजन म्हणतो. पुढे 1 सप्टेंबर 1939 रोजी जर्मनीने पोलंडवर हल्ला केला आणि दुसरे महायुद्ध पेटले. दोहोंमधील अंतर साडेआठ महिन्यांचे! आता नवल असे, की हाच शोध 1934-35 मध्ये रोम येथे लागू शकला असता. तो अगदी थोडक्यात हुकला. कसा हुकला आणि हुकला नसता तर काय झाले असते, ते पाहू या.

रोममधील प्रयोग

1932 साली इंग्लंडमध्ये चॅडविक यांनी न्यूट्रॉन शोधून काढला. न्यूट्रॉनवर विद्युत्‌भार नसतो, म्हणून धनभारित अणुकेंद्र त्याला दूर लोटत नाही. तो सरळ आत शिरू शकतो. 1934 च्या वसंत ऋतूत एन्रिको फर्मी आणि त्यांचे तरुण सहकारी एकेका मूलद्रव्यावर न्यूट्रॉनचा मारा करू लागले. अनेक जड मूलद्रव्यांत एक ठरावीक गोष्ट घडे. अणुकेंद्र न्यूट्रॉन गिळून टाकी, मग त्यातून एक इलेक्ट्रॉन बाहेर पडे आणि मूलद्रव्याचा क्रमांक एकाने वाढे.

शेवटी पाळी आली 92 व्या मूलद्रव्याची, म्हणजे युरेनियमची. मारा केल्यावर त्यात नवे किरणोत्सर्गी पदार्थ दिसले. त्यांपैकी एकाचा अर्धायुष्यकाळ 13 मिनिटे होता. हे मूलद्रव्य कोणते? रासायनिक परीक्षा करता ते शिसे (क्रमांक 82) ते युरेनियम यांपैकी कोणतेच नव्हते. मग ते 93 वे असावे, असा तर्क केला गेला. शिशाच्या खाली, यादीच्या मध्यावर शोधण्याचे कोणाच्या मनात आले नाही. अणुकेंद्रातून फार तर एखादा लहानसा कण निघतो, ते मधोमध फुटेल कसे, अशीच सर्वांची समजूत होती.

नाही म्हणायला एका व्यक्तीने शंका काढली होती. ईडा नोडॅक या जर्मन रसायनशास्त्रज्ञ महिलेने 1934 च्या सप्टेंबरात लिहिले, की सर्व मूलद्रव्ये तपासल्याशिवाय 93 व्याचा दावा करता येणार नाही. जड अणुकेंद्राचे अनेक मोठे तुकडेही होत असतील. पण त्यांनी स्वतः तसा प्रयोग केला नाही आणि इतरांनी त्या सूचनेकडे लक्ष दिले नाही.

वर्खाने लपवलेला शोध

दुसरी संधी 1935 मध्ये आली. न्यूट्रॉनच्या माऱ्यानंतर युरेनियममधून नवे, वेगवान आल्फा कण निघतात का, हे रोमच्या गटाला पाहायचे होते. परंतु युरेनियममधून मुळातच आल्फा कण निघत असतात. ते हवेत सुमारे पावणेतीन सेंटिमीटर जाऊन थांबतात. त्यांची गर्दी नको, म्हणून युरेनियमवर ॲल्युमिनियमचा पातळ वर्ख लावण्यात आला. नेहमीचे कण त्यात अडकावेत आणि जास्त वेगाचे तेवढे पलीकडे जावेत, अशी योजना होती.

योजना निर्दोष होती, पण भंजनाचे तुकडे जड व मोठ्या विद्युत्‌भाराचे असतात. ऊर्जा प्रचंड असूनही ते हवेत दोन-अडीच सेंटिमीटरांतच थांबतात. तेही त्या वर्खातच अडकले! वर्ख नसता, तर कणांची नोंद करणाऱ्या उपकरणात कधी न पाहिलेले मोठमोठे विद्युत्‌स्पंद उमटले असते.

हेच स्पंद ओटो फ्रिश यांनी 1939 च्या जानेवारीत कोपनहेगन येथे पाहिले. त्याआधी बर्लिनमध्ये ओटो हान व फ्रिट्झ स्ट्रासमान यांना मारा केलेल्या युरेनियममध्ये बेरियम (क्रमांक 56) सापडले होते, आणि लिझे माइट्‌नर व फ्रिश यांनी त्याचा अर्थ लावला होता. एका भंजनातून सुमारे 20 कोटी इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा मिळते. कोळशातील कार्बनचा एक अणू जळताना मिळते ती जेमतेम चार!

आता हिशेब करू

डिसेंबर 1938 मध्ये भंजन कळले आणि 16 जुलै 1945 रोजी अमेरिकेत पहिल्या अणुबाँबची चाचणी झाली. म्हणजे लागली सहा वर्षे सात महिने. हीच मुदत 1935 च्या आरंभापासून मोजली, तर आपण 1941 च्या ऑगस्टमध्ये येतो. त्या वेळी जर्मन फौजा रशियात खोलवर घुसल्या होत्या आणि अमेरिका युद्धात उतरलीही नव्हती.

मात्र हा हिशेब जसाच्या तसा खरा मानू नका. भंजन कळणे वेगळे आणि बाँब बनवणे वेगळे. नैसर्गिक युरेनियममध्ये सहज भंग पावणारे युरेनियम-235 शंभरात एक भागही नसते. ते वेगळे काढणे अतिशय कठीण. अमेरिकेने त्या प्रकल्पावर सुमारे दोन अब्ज डॉलर खर्च केले आणि लाखाहून अधिक माणसे कामाला लावली. शांततेच्या काळात एवढा खर्च कोण करील? उलट, 1935 पासून जर्मनी उघडपणे शस्त्रसज्ज होत होता. त्याला युद्धापूर्वीची चार निर्वेध वर्षे मिळाली असती, हेही विसरता येत नाही. आणि शोध प्रसिद्ध झाला असता, तर इंग्लंड व फ्रान्सही स्वस्थ बसले नसते. तेव्हा कोण जिंकले असते, हे कोणीच सांगू शकणार नाही.

एक गोष्ट मात्र तारखांवरून स्पष्ट दिसते. 1935 मध्ये माइट्‌नर बर्लिनमध्येच काम करीत होत्या आणि फर्मी रोममध्ये. 1938 च्या जुलैमध्ये ज्यू वंशाच्या माइट्‌नर यांना जर्मनीतून निसटून जावे लागले. त्याच वर्षी इटलीत ज्यूविरोधी कायदे आले. फर्मींच्या पत्नी ज्यू होत्या. डिसेंबरात नोबेल पारितोषिक घेण्यासाठी स्टॉकहोमला गेलेले फर्मी परत न जाता अमेरिकेला गेले. 2 डिसेंबर 1942 रोजी शिकागो येथे पहिली नियंत्रित साखळी प्रक्रिया त्यांनीच घडवून आणली. शोध लागला तेव्हा असे अनेक जाणकार हुकूमशहांच्या राज्यांतून बाहेर पडलेले होते, किंबहुना हाकलले गेले होते. चार वर्षे आधी चित्र निराळे होते.

तरीही या उशिराने सगळेच भले झाले असे नाही. जर्मनी मे 1945 मध्ये शरण आला, तेव्हा बाँब कोणाकडेच तयार नव्हता. तो तयार झाला आणि ऑगस्टमध्ये हिरोशिमा व नागासाकी या शहरांवर पडला. लाखाहून अधिक माणसे त्यात मेली. शोधाची तारीख बदलली, तर संकटाची जागा बदलते. संकट टळतेच असे नाही.

फर्मींसारखा कुशल शास्त्रज्ञही चुकला, यात त्याला कमीपणा नाही. प्रयोगाची मांडणी करताना आपण ज्याची अपेक्षा करतो, तेवढ्याचीच वाट मोकळी ठेवतो. म्हणून प्रयोगवहीत निष्कर्ष लिहिण्यापूर्वी स्वतःला एक प्रश्न विचारावा : माझ्या मांडणीत काय अडून राहिले असेल?

विचार करा : वर्ख न लावता नेहमीचे आल्फा कण आणि भंजनाचे तुकडे कसे ओळखता येतील? युरेनियमच्या आल्फा कणाची ऊर्जा सुमारे 42 लाख इलेक्ट्रॉन व्होल्ट असते. 20 कोटींपैकी बरीचशी ऊर्जा दोन तुकड्यांत वाटली जाते. या दोन आकड्यांतच उत्तर आहे.