आधी तांडेल विचारा

नोट मी वर केली होती, हे आधीच सांगून टाकते. श्रीलंकेची हजाराची. बोटीच्या वरच्या डेकवर एका हातात कठडा आणि दुसऱ्या हातात ती नोट धरून मी खाली सुकाणूवरच्या माणसाला ‘क्लोजर, क्लोजर’ म्हणून ओरडत होते. पुढे बोटवाल्यांना मी बरीच नावं ठेवणार आहे. त्यातली काही माझ्या वाट्याची आहेत.

दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत आम्ही तिघं श्रीलंकेला गेलो होतो. मी, हे आणि सासूबाई. आईंचं वय तेव्हा त्र्याहत्तर, माहेर हर्णैचं. बंदरावर वाढलेल्या बाईला समुद्राचं काय कौतुक दाखवायचं, असं ह्यांचं म्हणणं होतं. पण जन्म समुद्राकाठी काढूनही जिवंत देवमासा कधी पाहिला नाही, ही खंत आईंनीच बोलून दाखवली होती. म्हणून गॉलच्या पुढे, बेटाच्या दक्षिण टोकाजवळ असलेल्या मिरिस्साला दोन रात्री काढायच्या ठरल्या.

हे ठिकाण सोन्यासारखं आहे. निळा देवमासा, म्हणजे पृथ्वीवरचा सगळ्यांत मोठा प्राणी, बघायला जगात बहुतेक ठिकाणी खूप आत खोल समुद्रात जावं लागतं. दक्षिण श्रीलंकेत किनाऱ्यालगतचा उथळ पट्टा अगदी अरुंद आहे. दोन्द्रा टोकाजवळ तर तासा-दीड तासात बोट खोल पाण्यावर पोचते. शिवाय इथले देवमासे गार ध्रुवीय समुद्राकडे जाण्याची रीत पाळत नाहीत, ह्याच उबदार पाण्यात राहतात, इथेच खातात. आशा डी व्होस ह्या श्रीलंकन समुद्रशास्त्रज्ञ बाईंनी त्यांचा अभ्यास करून जगाचं लक्ष इकडे वेधलं. सिंहलीत देवमाशाला ‘तल्मसा’ म्हणतात हे तिथे कळलं, आणि आईंना फार गंमत वाटली. तिकडेही ‘मासा’च! दोन्ही भाषांनी एका सस्तन प्राण्याला मासा ठरवून टाकलंय.

आता आमची चूक. हॉटेलच्या दारातच एक पोरगा गुळगुळीत पत्रक घेऊन उभा असे. त्यावर ‘व्हेल वॉचिंग क्रूझ’ आणि खाली ‘शंभर टक्के गॅरंटी’. दर शेजारच्या बोटीपेक्षा निम्मा. क्रूझ म्हटल्यावर आईंच्या डोळ्यांसमोर पोहण्याचा तलाव असलेलं पांढरंशुभ्र जहाज आलं. खरं म्हणजे माझ्याही. मी दुसरा प्रश्न न विचारता पैसे दिले. भाजी घेताना मी चार गाड्या फिरते.

पहाटे साडेसहाला बंदरावर पाहिलं तर क्रूझ म्हणजे दुमजली फायबरची बोट. पन्नासएक माणसं, बसायला प्लॅस्टिकच्या खुर्च्या, त्याही डेकला न बांधलेल्या. लाइफ जॅकेट मिळाली, त्यातल्या माझ्या जॅकेटचा पट्टा तुटलेला. मी गाठ मारली. फोटो चांगले यावेत म्हणून मी वर, अगदी पुढच्या टोकाला जागा पकडली. बोटीचा हेलकावा सगळ्यांत जास्त तिथेच बसतो. आई मात्र खाली, मधोमध, इंजिनाच्या धुरापासून दूर जाऊन बसल्या. मला वाटलं, म्हातारं माणूस, चढायला कंटाळलं.

तासाभरात निम्म्या लोकांना बोट लागली. बोटवाल्यांनी वाटलेलं अंडं-सँडविच ज्यांनी हौसेने खाल्लं होतं त्यांची आधी. मीही त्यातच. मळमळ सुरू झाल्यावर गोळी घेतली, ती पोटात टिकलीच नाही. अशा अवस्थेत कुणीतरी ओरडलं आणि समोर पाण्यातून सरळ उभा फवारा उठला. दोन मजली घराएवढा उंच. मळमळ विसरले, नोट काढली.

फवारा आम्हाला दिसला तसा इतरांनाही दिसला होता. बघता बघता बारा-तेरा बोटी चारी बाजूंनी तिकडे सुटल्या. आमची सगळ्यांत पुढे. देवमाशाची निळसर करडी पाठ वर आली, एकदा श्वास, दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, आणि तो खाली गेला. शेपटीसुद्धा धड दिसली नाही. मग तो कुठे वर येईल ह्याचा अंदाज बांधून पुन्हा धाव. पुन्हा दोन-तीन श्वास, पुन्हा गडप. असं चार वेळा झालं. एकदा तर दुसरी बोट आमच्या इतकी जवळून आडवी गेली की खुर्च्या सरकल्या आणि एक जर्मन आजोबा गुडघ्यावर पडले. रक्त आलं. प्रथमोपचाराच्या पेटीत कापूस होता, औषध नव्हतं.

बंदरावर उतरताना आईंनी एकच प्रश्न विचारला. “ह्या होडीचा तांडेल कोण?” सुकाणूवर होता तो एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा, रोजावर ठेवलेला. मालक गावात तीन बोटी चालवत होता आणि स्वतः समुद्रावर जात नव्हता. आई म्हणाल्या, “नाखवा घरी आणि तांडेल भाडोत्री. मग असंच व्हायचं. तू दाखवलीस नोट, त्याने फिरवलं सुकाणू.”

मला त्या दिवशी राग आला. पण विचार करता करता पटलं ते असं की आपण बोट निवडतो तेव्हा डेक, दर, नाश्ता आणि फोटो बघतो. देवमासा कसा दिसणार हे मात्र सुकाणूवरच्या माणसावर ठरतं. दीर्घ बुडीनंतर निळा देवमासा वर येतो तेव्हा त्याला ओळीने दहाएक श्वास घ्यायचे असतात. तो घाबरला, अडवला गेला, तर दोन-तीन श्वासांतच खाली जातो. म्हणजे आमची बोट पैसे वाजवून घेऊन, तेल जाळून, आम्हाला देवमासा कमी दाखवत होती.

श्रीलंकेत २०१२ पासून नियम आहेत. देवमाशापासून १०० मीटर अंतर ठेवायचं. मुंबईच्या लोकलचे पाच डबे मनात धरा, साधारण तेवढं. समोरून किंवा मागून जायचं नाही, बाजूने, त्याच्या चालीला समांतर, हळू जायचं. नियम कागदावर चांगले असले तरी खोल समुद्रात ते पाळणारा तांडेलच लागतो.

दुसऱ्या दिवशी आईंनी मला पुन्हा बंदरावर नेलं, पण पहाटे नाही, दुपारी बाराच्या सुमाराला. हर्णैला मासळी घ्यायची तर होड्या परत येतात तेव्हा लिलावाला जावं, टोपलीतला माल स्वतः बघावा, ही त्यांची लहानपणची शिकवण. इथेही सगळ्या बोटी त्याच वेळेला परतत होत्या. पत्रकवाल्याला विचारू नका, उतरणाऱ्या लोकांना विचारा. ह्या एका सल्ल्यासाठी मी हा लेख लिहिते आहे म्हटलं तरी चालेल. कोण हसत उतरतंय, कोण पिवळं पडलंय, हे दहा मिनिटांत दिसतं. लोकांना ‘दिसला का’ असं विचारू नका, बहुतेकदा दिसलेलाच असतो. ‘इंजिन बंद केलं होतं का, किती वेळ थांबलात’ हे विचारा.

एका छोट्या बोटीतून उतरलेल्या नाशिकच्या जोडप्याने सांगितलं, आम्हाला लांबूनच दिसला, पण वीस मिनिटं दिसला. त्या बोटीचा मालक स्वतः सुकाणूवर होता, पूर्वीचा मासेमार. मी त्याला मुद्दामच विचारलं, “जास्त पैसे दिले तर जवळ नेशील?” तो नुसता हसला आणि मान हलवली. श्रीलंकेत आपल्यासारखीच मान आडवीही हलते आणि उभीही, त्यामुळे उत्तर कळायला मला दुसऱ्यांदा विचारावं लागलं. नाही, असं होतं ते. मी पैसे दिले. त्यासाठी मिरिस्साचा मुक्काम एक रात्र वाढवला.

गॅरंटीबद्दलही सांगते. ‘शंभर टक्के दिसणार’ म्हणणारा एकतर खोटं बोलतो, नाहीतर दिसेपर्यंत जनावराच्या मागे लागतो. ‘नाही दिसला तर दुसऱ्या दिवशी फुकट नेऊ’ ही गोष्ट वेगळी. त्यात निदान समुद्राला समुद्र मानलेलं असतं. तरी त्याही बोटवाल्याला दुसरी फेरी वाचवायची असतेच, म्हणून तिथेही तांडेल बघाच.

हंगामाचं गणित मात्र चुकवू नका. मिरिस्साला नोव्हेंबर ते एप्रिल. त्यातही डिसेंबर ते मार्च समुद्र शांत. मे महिन्याची सुट्टी आहे म्हणून तेव्हा गेलात तर नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचा खवळलेला समुद्र मिळेल. त्या दिवसांत पूर्व किनाऱ्यावरच्या त्रिंकोमालीला जावं. आमच्या ओळखीतली एक मंडळी जूनमध्ये मिरिस्साला जाऊन तीन दिवस पाऊस बघून आली.

मुलाबाळांकडे अमेरिकेला जाणाऱ्यांसाठी थोडंसं. अलास्काच्या मोठ्या क्रूझवर देवमासे दिसतीलही, पण दहा मजले वरून आणि जहाज न थांबता. ते नीट बघायचे तर जूनो बंदरात उतरून छोट्या बोटीने वेगळं जावं लागतं, त्याचे पैसे निराळे. बॉस्टनकडे मुक्काम असेल तर एप्रिल ते ऑक्टोबर स्टेलवेगन बँकेच्या संरक्षित समुद्रात हंपबॅक देवमासे येतात. तिथे आणि अलास्कात ‘व्हेल सेन्स’ नावाची योजना आहे, स्वेच्छेने कडक नियम पाळणाऱ्या बोटी त्यात असतात. तिकीट काढण्याआधी बोट त्यात आहे का, एवढं मुलांना बघायला सांगा. आणि जुलै असला तरी स्वेटर घ्या.

बोट लागण्याबद्दल. ज्याला घाटात गाडी लागते त्याला बोट लागणारच, ‘मला काही होत नाही’ हा बाणा घरी ठेवावा. गोळी डॉक्टरांना विचारून आदल्या रात्री किंवा निघण्याआधी तास-दीड तास घ्यायची, मळमळ सुरू झाल्यावर तिचा उपयोग नाही. पोट अगदी रिकामं नको आणि भरलेलंही नको. कोरडं बिस्किट, केळं. आईंच्या पर्समध्ये आलेपाकाच्या वड्या होत्या, त्या आमच्या बाकावर प्रसादासारख्या वाटल्या गेल्या. खाली, मध्यावर बसा. नजर क्षितिजावर ठेवा. मोबाइलच्या पडद्यात बघत राहिलात की संपलं. फोटो तसेही काळ्या पाण्याचेच येतात, माझ्याकडे असे एकशे चाळीस आहेत.

तिसऱ्या दिवशी त्या छोट्या बोटीवर आम्ही चौदा माणसं होतो. दूर क्षितिजावर मालवाहू जहाजांची रांग चाललेली होती. जगातला एक अतिशय गजबजलेला जलमार्ग ह्या टोकाला खेटून जातो आणि देवमासे त्याच पाण्यात खातात, त्यामुळे जहाजांच्या धडका त्यांच्या जिवावर उठतात. २०२२ पासून एका मोठ्या जहाज कंपनीने आपली जहाजं आणखी दक्षिणेकडून न्यायला सुरुवात केली, हे तांडेलनेच सांगितलं. त्याला त्यातलं प्रत्येक जहाज ओळखता येत असावं अशा नजरेने तो तिकडे बघत होता.

मग त्याने इंजिन बंद केलं. काहीच दिसत नव्हतं. पाच मिनिटं, दहा मिनिटं. एक मुलगा कंटाळून रडायला लागला. माझा हात सवयीने पर्सकडे गेला, तो मी मांडीवर ठेवून दिला.

आधी आवाज आला. प्रेशर कुकरची शिट्टी काढून टाकल्यावर वाफ सुटते तसा, पण जाडजूड. डाव्या हाताला, बराच लांब, फवारा उठला. पाठ वर आली आणि येतच राहिली, दोन एसट्या एकामागे एक उभ्या कराव्यात एवढी. तांडेल जागचा हलला नाही. इतर दोन बोटी होत्या, त्याही थांबलेल्या. देवमासा श्वास घ्यायचा, किंचित बुडायचा, पुन्हा वर यायचा, घाई अशी नाहीच. शेजारी आई बोटांची पेरं मोजत होत्या. मला वाटलं, जप चाललाय.

शेवटी पाठीची कमान झाली, शेपटी पूर्ण वर आली, पाणी निथळलं आणि ती सरळ खाली गेली. पाण्यावर तेल सांडल्यासारखा गुळगुळीत गोल उरला.

“अकरा,” आई म्हणाल्या. “परवा तीन घेतले होते. आता पंधरा मिनिटं तरी येत नाही तो. त्याला विचार, चहा आहे का.”