सायकल दिली, पण थांबवायला शिकवले का?



सातपुड्याच्या पायथ्याशी आमच्या पाड्यांपासून माध्यमिक शाळा तीन-चार किलोमीटरवर असते. शासनाच्या मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात. आपल्या देणग्यांतूनही आम्ही काही देतो. दारात सायकल आली म्हणून मुलीची शाळा टिकली, असे मी अनेक घरांत पाहिले आहे.

पण गेल्या पावसाळ्यात आठवीतली एक मुलगी उतारावर पडली. खडी लागताच ती घाबरली आणि एकच ब्रेक करकचून दाबला. तो पुढच्या चाकाचा होता. ती हँडलवरून पुढे फेकली गेली, मनगट मोडले. दवाखान्यात तिची आई म्हणाली, "ताई, सायकल दिली, पण थांबवायला कोणी शिकवलंच नाही." मला उत्तर सुचले नाही. ती सायकल मीच तिच्या हाती दिली होती, सोबत फोटोही काढला होता.

तेव्हापासून सायकल देण्याआधी आम्ही मैदानावर हा धडा घेतो. आपल्या घरी आणि संडे स्कूलमध्येही तो घेता येईल.

1. ब्रेक ओळखा. आपल्याकडच्या बहुतेक सायकलींना उजव्या हाताचा ब्रेक पुढच्या चाकाला आणि डाव्या हाताचा मागच्या चाकाला असतो. तरी गृहीत धरू नये. सायकल हाताने ढकलत एकेक ब्रेक दाबून मुलाला स्वतः पाहू द्यावे.

2. दोन्ही ब्रेक एकत्र, हळूहळू दाबा. ब्रेक लागताच अंगाचा भार पुढच्या चाकावर येतो. म्हणून पुढचा ब्रेक जास्त जोरदार असतो. तो एकदम दाबला तर मागचे चाक उचलते. नुसता मागचा दाबला तर चाक घसरते आणि सायकल बरीच पुढे जाऊन थांबते.

3. वेग आधीच कमी करा. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यावर थांबायला सुमारे चौपट अंतर लागते. उतार सुरू होतानाच वेग आवरावा. वळणाच्या आत नव्हे, वळणाआधी ब्रेक लावावा. पावसात रिम ओली असते, ब्रेक उशिरा धरतो. म्हणून थोडे आधीपासून हलके दाबत राहावे.

4. निघण्यापूर्वी तपासा. पूर्ण दाबल्यावर ब्रेकचा लिव्हर हँडलला टेकता कामा नये. ब्रेकचे रबर रिमला लागावे, टायरला नव्हे. रबर झिजले किंवा वायरचे धागे तुटू लागले तर लगेच बदलावे. मुलाची बोटे लिव्हरपर्यंत पोहोचतात का आणि सीटवर बसून पाय जमिनीला टेकतात का, हे पाहावे. ओढणी नीट बांधावी, दप्तर हँडलला अडकवू नये, डबलसीट नको.

सरावासाठी मैदानावर चुन्याची रेघ मारावी. आधी सावकाश, मग थोड्या वेगाने येऊन चाक न घसरता रेघेवर थांबायचे. मुलांना हा खेळच वाटतो. मनगट बरे झाल्यावर तीच मुलगी आता लहान मुलींना रेघेवर थांबायला शिकवते.

अनुवादाच्या 22 व्या अध्यायात नवे घर बांधणाऱ्याला छताभोवती कठडा करायला सांगितले आहे, म्हणजे कोणी पडून त्या घरावर रक्तदोष येऊ नये. घर बांधून दिले म्हणजे जबाबदारी संपली, असे तिथे नाही. सायकलचा कठडा म्हणजे तिचे ब्रेक आणि ते वापरण्याचे शिक्षण.

म्हणून एक विनंती. सायकलीसाठी देणगी देताना रबर आणि वायरसाठीही थोडी रक्कम ठेवा. आपल्या मंडळीत सायकल दुरुस्ती जाणणारे कोणी असतील, तर त्यांनी तिमाहीतला एक शनिवार आमच्या मुलांना द्यावा. दिवसभरात बऱ्याच सायकलींचे ब्रेक नीट होतील, आणि पाड्यावरच्या आईला संध्याकाळी उताराकडे डोळे लावून बसावे लागणार नाही.

प्रभूच्या सेवेत,
आपली बहीण