कामावर अंगठा गेला, कागद जपला का?

काही वर्षांपूर्वी चटईच्या कारखान्यातला तिशीचा एक कामगार मलमपट्टीसाठी आला. उजव्या हाताचा अंगठा यंत्रात सापडून मुळापासून गेला होता. केसपेपरवर मात्र 'घरी पडल्याने इजा' असे लिहिलेले. विचारले तर म्हणाला, "मुकादम बोलला, डॉक्टरसाहेब, असंच सांग, खर्च मालक देतील." तीन आठवड्यांत जखम भरली आणि मालकाचा खर्चही तिथेच थांबला. हातात पुरावा काहीच नव्हता.

जळगावच्या डाळमिल, धुळ्याचे यंत्रमाग, गावोगावच्या जिनिंगमध्ये असे अपघात होतात. 31 ऑगस्ट 2019 रोजी शिरपूरजवळ वाघाडीच्या रासायनिक कारखान्यात स्फोट होऊन दहाहून अधिक जीव गेले. म्हणून उपचार आणि हक्क दोन्ही समजून घेऊ.

आधी उपचार : रक्त वाहत असल्यास स्वच्छ कापडाने घट्ट दाबून हात वर धरा. हळद, चहापत्ती, डिझेल लावू नका. तुटलेले बोट ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. बोट थेट बर्फावर ठेवू नका. धनुर्वाताची लस विसरू नका.

मग कागद : कोणत्या यंत्रावर, किती वाजता, कसे लागले, ते डॉक्टरांना खरे सांगा व केसपेपरवर लिहून घ्या. कारखान्याच्या अपघात नोंदवहीत नोंद झाली का, ते पाहा. मालकाला लेखी कळवून पोच घ्या. एक्स-रे, बिले, पगारपत्रक, साक्षीदार सहकाऱ्यांची नावे जपून ठेवा.

पैसे कोणाकडून? तुम्ही ईएसआयचे विमाधारक असाल तर दावा तिथेच करायचा. उपचार मिळतात व कामावर जाता येत नाही तोवर पगाराच्या सुमारे 90 टक्के रक्कम मिळते. इजा कामावरची असल्यास किती दिवस वर्गणी भरली, हे पाहिले जात नाही. कायमचे अपंगत्व आल्यास वैद्यकीय मंडळ टक्केवारी ठरवते आणि त्या प्रमाणात दरमहा रक्कम मिळते.

ईएसआय नसेल तर भरपाई मालकाने द्यायची. हा हक्क 1923 च्या कायद्याने दिला. आता तो 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. ही संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. हिशेब असा : संपूर्ण कायम अपंगत्वासाठी मासिक पगाराच्या 60 टक्के रकमेला वयानुसार ठरलेल्या आकड्याने गुणतात. तिशीला हा आकडा 207.98 आहे. पगार 10,000 असेल तर रक्कम 12,47,880 रुपये होते. पूर्ण अंगठ्यासाठी 30 टक्के धरतात, म्हणजे 3,74,364 रुपये. आमच्या त्या तरुणाने काय गमावले, ते यावरून कळेल.

टक्केवारी शरीराची नव्हे, कमाईची पाहायची असते. एका सुताराचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला होता. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याची कमाई 100 टक्के बुडाली, हे सर्वोच्च न्यायालयाने 1975 मध्ये मान्य केले. भरपाईचे देणे अपघाताच्या दिवसापासूनच लागते, असेही सांगितले. तेव्हा दाखला घेताना आपण नेमके कोणते काम करतो, ते डॉक्टरांना सविस्तर सांगा.

युनियन कशासाठी? नोंदणीकृत युनियनचा पदाधिकारी तुमच्या लेखी संमतीने तुमच्या वतीने दाव्यात उभा राहू शकतो. अपघाताच्या दिवशीच त्याला बोलवा. दावा दोन वर्षांच्या आत करायचा असतो. 'सर्व हिशेब मिटला' अशा कागदावर किंवा कोऱ्या कागदावर सही करू नका. हक्क सोडण्याचा असा करार कायद्याला मान्य नाही. ठेकेदाराकडचा कामगारही मूळ मालकाकडे भरपाई मागू शकतो.

रेल्वे, एस.टी. अशा सरकारी आस्थापनांत नोकरीत असताना अपंगत्व आले म्हणून कामावरून काढता येत नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने त्याच पगारावर दुसरे काम द्यावे लागते.

अंगठा परत येत नाही. पण घरची चूल पेटती ठेवणारा हक्क खरे सांगितल्याने आणि वेळेवर लिहून घेतल्याने टिकतो. मुकादमाने काहीही सांगितले तरी केसपेपरवर खरेच लिहून घ्या.