घरातील मुंग्या : त्यांची ओळख व बंदोबस्त

मृगाचा पाऊस पडून जमिनीतील बिळांत पाणी शिरू लागले, की मुंग्या आपली अंडी व अळ्या तोंडात धरून उंच आणि कोरड्या जागी स्थलांतर करतात. खेड्यातील घरात चुलीमागची भिंत, उंबरठ्याखालची भेग आणि धान्याच्या कणगीखालची जमीन याहून कोरडी जागा त्यांना कोठे मिळणार? या दिवसांत गुळाच्या ढेपेला, दुधाच्या भांड्याला व पेरणीसाठी राखून ठेवलेल्या तिळाला मुंग्या लागल्याची तक्रार घरोघर ऐकू येते. तक्रार जुनीच आहे. परंतु तिच्यावर जो उपाय सर्रास केला जातो तो मुंग्यांपेक्षा माणसांना अधिक घातक असल्याने या विषयाचा विचार थोड्या विस्ताराने करणे अवश्य आहे.

शेतातील धुरळणीनंतर उरलेली कीटकनाशकाची भुकटी पुडीत बांधून फडताळात ठेवावयाची आणि मुंग्या दिसल्या की तीच कणगीभोवती, ओट्याखाली, फार काय पण पाळण्याच्या खालीही भुरभुरावयाची, ही ती रीत होय. अशी भुकटी पांढरी किंवा करडी असते. पिठात अथवा मिठात ती मिसळली तर डोळ्यांस कळत नाही. रांगणारे मूल जमिनीवरचा हात तोंडात घालते हे वेगळे सांगावयास नको. शिवाय यांपैकी कित्येक औषधे आता शेतातही वापरावयाची नाहीत. बीएचसी, म्हणजे जुन्या लोकांच्या तोंडचे गमॅक्झिन, यावर १९९७ साली बंदी आली. मिथाइल पॅराथिऑनवर २०१८ साली, आणि फोरेटच्या दाणेदार औषधावर २०२० च्या अखेरीपासून बंदी आहे. जुन्या साठ्यातील पुडी घरात शिल्लक असेल तर ती मुंग्यांवर संपवून टाकण्याचा विचार मनातही आणू नये. बाजारात मिळणारा मुंग्या मारण्याचा खडूसुद्धा कीटकनाशकाचाच असतो. शाळेत जाणाऱ्या मुलास तो पाटीवरच्या खडूसारखाच दिसतो. चुकून विष पोटात गेल्यास मीठपाणी पाजून उलटी करविण्यात वेळ न दवडता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी व औषधाचे वेष्टन रुग्णाबरोबर दवाखान्यात न्यावे.

धोका बाजूस ठेवला, तरी या भुकटीने काम तरी होते काय? भिंतीवरून जी रांग चाललेली दिसते ती सर्व कामकरी मुंग्यांची असते. वारुळात किंवा भेगेत राणी अंडी घालीत असते, आणि रांगेतील मुंग्या हा त्या कुटुंबाचा लहानसा भाग असतो. रांग मेली तर राणी काही दिवसांत नवी रांग धाडते. उलट, कामकरी मुंगी जे रस पोटात साठवून नेते ते वारुळातील इतरांना तोंडाने भरविते. घन अन्न मात्र अळ्याच खाऊ शकतात. म्हणून मुंगीला जागच्या जागी मारणारे विष निरुपयोगी ठरते, आणि तिला वारुळापर्यंत पोहोचू देणारे मंद विष उपयोगी पडते. सर्व बंदोबस्ताचे मर्म एवढेच आहे. मात्र कोणती मुंगी कोणत्या आमिषास भुलते हे तिच्या जातीवर अवलंबून असल्यामुळे आधी ओळख पटविणे भाग पडते.

प्रथम वाळवी वेगळी काढावी. तिला पांढरी मुंगी म्हणतात खरे, पण ती मुंगी नव्हे. मुंगीची कंबर बारीक असते आणि मिशा कोपरात वाकलेल्या असतात. वाळवीला अशी कंबर नसते व मिशा मण्यांच्या सरळ माळेसारख्या असतात. पावसाळ्याच्या तोंडी दिव्याभोवती जे पंखवाले किडे जमतात त्यांचे चारही पंख सारख्या लांबीचे असल्यास ती वाळवी, पुढचे मोठे व मागचे आखूड असल्यास मुंग्या समजाव्यात. वाळवीचा उपाय सर्वस्वी निराळा असून त्याचा येथे विचार केलेला नाही.

घरात आढळणाऱ्या मुंग्यांत सर्वांत चिवट जात म्हणजे बारीक पिवळी मुंगी. शास्त्रात हिला मोनोमोरियम फॅराओनिस म्हणतात. लांबी जेमतेम दोन मि.मी., रंग पिवळसर ते फिकट तपकिरी, पोटाचे टोक किंचित काळसर. भिंतीतील फट, चौकटीमागची पोकळी, विजेच्या बटनांची पेटी, घडी करून ठेवलेले कपडे, अशा कोठल्याही ठिकाणी ती राहते. गोड, तेलकट, मांसाहारी, तिला सर्व चालते. जखमेवरील पट्टीकडेही ती जाते. इंग्लंडमधील रुग्णालयांत तिच्या अंगावर रोगजंतू आढळल्याचे १९७२ साली प्रसिद्ध झाले आहे. हिच्या एका वसाहतीत अनेक राण्या असतात. वसाहतीवर फवारा मारला, की काही राण्या कामकऱ्यांसह फुटून निघतात आणि घरात एकाच्या चार वसाहती होतात. फवारल्यावर मुंग्या वाढल्या असे गृहिणी सांगतात तेव्हा त्यांचे म्हणणे हसण्यावारी नेऊ नये. ते पुष्कळदा अक्षरशः खरे असते. या जातीवर फवारणी मुळीच करू नये.

हिच्याहून लहान, दीड मि.मी.ची एक मुंगी स्वयंपाकघरात असते. तिचे डोके गडद व पोट जवळजवळ पारदर्शक असल्याने ओट्यावर काळे ठिपके धावत असल्याचा भास होतो. चिरडल्यास खवट खोबऱ्यासारखा वास येतो. ही खूण पक्की आहे. तिसरी, काळी लांब पायांची मुंगी. ही अडीच-तीन मि.मी.ची असून सरळ रांगेत न चालता वेड्यासारखी इकडून तिकडे धावते. ती डंख करीत नाही. या दोघी गोडाच्या भोक्त्या आहेत.

मुंगळा अथवा डोंगळा सर्वांच्या परिचयाचा आहे. त्याचे घर बहुधा अंगणातील झाडाच्या बुंध्याशी असते. सीताफळावर किंवा जास्वंदीवर पिठ्या ढेकूण व मावा पडला, की त्यांच्या अंगातून निघणारा गोड चिकटा खाण्यासाठी मुंगळे तेथे येरझारा घालतात आणि त्या किडींना त्यांच्या शत्रूंपासून राखतात. घरात मुंगळे वाढले तर आधी परसातील झाडे पाहावीत; मूळ तेथेच सापडते.

आता आमिषाकडे वळावे. एका कागदावर चिमूटभर गूळ आणि तेल सुटेपर्यंत कुटलेले भुईमुगाचे दाणे असे दोन ढीग रांगेजवळ ठेवावेत. तासाभरात मुंग्या कशावर जमतात ते दिसते. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा प्रयोग चार घरांत करून दाखविल्यास व्याख्यानाची गरज उरत नाही.

गोडावर जमणाऱ्या मुंग्यांसाठी २०० मि.लि. पाण्यात २० ग्रॅम साखर व २ ग्रॅम बोरिक पावडर कोमट करून विरघळवावी. चहाच्या चमच्याने मोजावयाचे तर साखर पाच सपाट चमचे व पावडर अर्धा चमचा होते. टाकणखार वापरावयाचा असल्यास तो दीडपट घ्यावा. जास्त औषध घातले म्हणजे जास्त गुण येतो ही समजूत येथे नेमकी उलटी पडते. तीव्र पाक मुंगी टाळते किंवा वाटेतच मरते. कॅरमच्या पटावर टाकण्याची पावडर प्रत्येक वेळी बोरिकच असते असे नाही, म्हणून वेष्टन वाचून किंवा औषधांच्या दुकानातून घ्यावी. पाकात कापसाचा बोळा भिजवून बाटलीच्या टोपणात ठेवावा आणि ते टोपण, खिळ्याने बारीक भोके पाडलेल्या झाकणाच्या डब्यात घालून रांगेशेजारी ठेवावे. मुलांचा व कोंबड्यांचा हात किंवा चोच तेथे पोहोचू नये, कारण बोरिक पावडरही निर्विष नाही. तेलकटावर जाणाऱ्या मुंग्यांसाठी हीच पावडर शंभर भाग कुटलेल्या दाण्यांत एक भाग याप्रमाणे मळून घ्यावी.

पहिल्या एक-दोन दिवसांत डब्याभोवती मुंग्यांची झुंबड उडते. येथेच धीर सुटतो, आणि कोणीतरी पोतेरे फिरवून रांग पुसून टाकते. तसे करू नये. बोळा दर दोन-तीन दिवसांनी बदलावा व दोन ते चार आठवडे आमिष चालू ठेवावे. पिवळी मुंगी मध्येच गोडाला विटते. तेव्हा तेलकट आमिष द्यावे.

आमिष चालू असताना इतरत्र अन्न उघडे असेल तर मुंगीला आमिषाची गरजच काय? गूळ, शेंगदाणे व बियाणे घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे. दुधाच्या जाळीच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवण्याची जुनी पद्धत आजही उत्तम आहे, फक्त वाट्यांत डास होऊ नयेत म्हणून पाणी दर चार दिवसांनी बदलावे. मुंग्या नाहीशा झाल्यावर साबणाच्या पाण्याने जुनी वाट धुऊन भेगा चुन्याने अथवा सिमेंटने बुजवाव्यात. हळद किंवा पीठ टाकल्याने रांग तासभर वळते, संपत नाही. मुंग्यांना साखर घालण्याची चाल ज्या घरी आहे त्यांनी ती मोडावी असे नाही; ती साखर बांधावरच्या वारुळाशी घालावी, उंबरठ्याशी नव्हे.

राहिली तांबडी डंख करणारी मुंगी, सोलेनॉप्सिस जेमिनाटा. तीन ते पाच मि.मी. लांब, काहींची डोकी शरीराच्या मानाने फारच मोठी. या मोठ्या डोक्याच्या मुंग्या बी फोडण्याचे काम करतात. उन्हाच्या जागी भुसभुशीत मातीचे ढीग करून ती राहते आणि तेथून खुराड्यात शिरून अंड्यातून नुकत्याच निघणाऱ्या पिलांना चावते. टोमॅटोच्या रोपवाटिकेतून पेरलेले बारीक बी ती उचलून नेते. बी उगवले नाही म्हणून दुकानदाराशी भांडण्यापूर्वी वाफ्याच्या कडेची बिळे पाहावीत. ठिबकच्या नळ्या कुरतडण्याची सवयही तिला आहे. हिच्या ढिगावर सकाळी उकळते पाणी ओतावे व तीन-चार दिवसांनी पुन्हा ओतावे. पिकाच्या मुळाशी मात्र हा उपाय करू नये, तेथे दाण्यांचे आमिषच वापरावे. डंख झाल्यास थंड पाण्याची पट्टी ठेवावी, परंतु अंगभर गांधी उठून श्वास लागला तर दवाखाना गाठण्यास क्षणाचाही विलंब लावू नये.

विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरमध्ये मुंग्या शिरल्या की त्या चिरडून संपर्क जुळत नाही आणि मोटार सुरू होत नाही. अशा वेळी काडीने किंवा ओल्या फडक्याने मुंग्या काढण्याचा प्रकार जीवावर बेततो. आधी मुख्य स्वीच बंद करून फ्यूज काढावेत, नंतर झाकण उघडून कोरड्या ब्रशने पेटी झाडावी, आणि केबल जेथून आत जाते ते भोक बुजवावे.