डोंगराआड जाणारी रेंज आणि दहावीनंतरची वाट

कशेळ्याहून खांडसकडे निघालं की मोबाइलची रेंज डोंगराच्या आडोशाने कमी-जास्त होऊ लागते. कुठल्या वळणावर कॉल तुटतो आणि कुठल्या टेकाडावर व्हॉट्सअॅप पुन्हा वाजू लागतं, हे इथल्या मुलांना पाठ असतं. "पोरगं दिवसभर मोबाइलमध्ये असतं, त्यातलंच काही शिकून पोटाला लागेल का?" असं पालक विचारतात. मी हो म्हणतो. पण ते काम मोबाइलच्या पडद्यावर नाही, रेंज का जाते या प्रश्नात आहे.

रेडिओलहर जितकी आखूड, तितकी ती डोंगराला आणि भिंतीला अडते. ७०० मेगाहर्ट्झची लहर सुमारे ४३ सेंटिमीटर लांब असते. ती दूरवर जाते, कड्याच्या धारेवरून थोडी वळतेही. फाइव्ह-जीच्या ३३०० मेगाहर्ट्झची लहर जेमतेम ९ सेंटिमीटरची. वेगासाठी रुंद पट्टे लागतात आणि ते वरच्या, आखूड लहरींकडेच मोकळे सापडतात. त्यामुळे सपाट शहराचा आराखडा कशेळ्याच्या खोऱ्यात तसाच्या तसा चालत नाही. इथे टॉवर कुठे आणि किती उंच हवा, हे डोंगर बघून ठरवणारा माणूस लागतो.

लहरींचा हा पट्टा, म्हणजे स्पेक्ट्रम, शेतजमिनीसारखाच मोजका आहे. २०२२च्या लिलावात त्यासाठी दीड लाख कोटी रुपयांच्या बोल्या लागल्या. दूरसंचार विभागाची वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन ही शाखा १९५२पासून त्याचं नियोजन करते. बांधाचे तंटे इथेही असतात. आपल्या डोंगररांगेपलीकडे, जुन्नर तालुक्यातल्या खोडदला, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. दूरच्या आकाशगंगांचे अतिशय क्षीण संकेत ती टिपते. आसपास वाढणारे मोबाइल संकेत तिला गोंगाटासारखे. दोघांनाही जगवायचं, तर लहरींची मोजणी करणारे हात हवेत.

हे काम पुढे वाढणार, असं मला ठामपणे वाटतं. २०२३च्या दूरसंचार कायद्याने काही उपग्रह सेवांना लिलावाविना स्पेक्ट्रम देण्याची तरतूद केली. सिक्स-जीची तयारी सुरू आहे. २०२७मध्ये शांघायला जागतिक रेडिओ परिषद भरेल. कुठला पट्टा कुणाला, यावर तिथे देशोदेशींचे अभियंते आणि कायदेतज्ज्ञ बसतील.

वाटा अनेक आहेत. आयटीआयचा इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक दोन वर्षांचा. दहावीनंतरचा तीन वर्षांचा डिप्लोमा मला या भागातल्या मुलांसाठी सर्वांत शहाणपणाचा वाटतो, कारण त्यानंतर नोकरीही धरता येते आणि पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षालाही जाता येतं. पदवी आपल्याच जिल्ह्यात, लोणेरेच्या विद्यापीठातही होते. पदवीनंतर यूपीएससीची अभियांत्रिकी सेवा परीक्षा आहे. स्पेक्ट्रमवर देखरेख ठेवणारे सरकारी अधिकारी तिच्यातून निवडले जातात. आदिवासी मुलांनी फीच्या धास्तीने थांबू नये: मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची चौकशी पेणच्या प्रकल्प कार्यालयात करा.

दोन गोष्टी मात्र पालकांनी बघाव्यात. टॉवरवर चढायची कामं बरीचशी कंत्राटी असतात. सेफ्टी बेल्ट आणि विमा विचारल्याशिवाय पोराला वर चढवू नका. आणि तीन महिन्यांत फाइव्ह-जी इंजिनिअर करतो म्हणणाऱ्या क्लासला कर्ज काढून फी भरू नका. एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं फुकट ऐकता येतात. बारा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला हौशी रेडिओची, म्हणजे हॅम रेडिओची, सरकारी परीक्षाही देता येते.

मुलाची आवड खरी आहे का, हे आधी घरच्या घरी पाहता येईल. बऱ्याच अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये, सिमच्या माहितीत, सिग्नलचा आकडा डीबीएममध्ये दिसतो. कशेळे नाक्यापासून खांडसपर्यंत दर किलोमीटरला तो त्याला वहीत लिहायला सांगा. आकडा उणे ९०वरून उणे १२०वर गेला, तर लहरीची ताकद हजारपटीने घटली. घरी आल्यावर त्याने वही पसरून समोरच्या डोंगराकडे बोट दाखवलं आणि "हा इथे आडवा येतो" असं आपणहून सांगू लागला, तर डिप्लोमाचा अर्ज भरा.