बँड काढलाय? आधी गल्लीला ऐकवा

निकालाच्या हंगामात करिअर मेळाव्यांतून एक वाक्य हमखास कानावर पडतं : ‘गिटारला आमची ना नाही हो, पण छंद म्हणून.’ आई हे सांगत असताना चिरंजीव शेजारी मान खाली घालून मोबाइल चाळत असतात. त्याच मोबाइलमध्ये त्यांच्या बँडचं गाणं असतं आणि घरात ते कुणी शेवटपर्यंत ऐकलेलं नसतं. आई जरा बाजूला झाली की चिरंजीव हळूच विचारतात, ‘गाणं टाकलंय, पण कुणी ऐकतच नाही. काय करायचं?’

मुलाचा प्रश्न आधी घेते. ‘कुणी ऐकत नाही’ यातला तो ‘कुणी’ कोण, हे बहुतेक बँडनी ठरवलेलंच नसतं. गाणं जगासाठी म्हणून टाकलेलं असतं आणि जगाला कुठे वेळ आहे? ज्यांचं नाव झालं, त्यांनी सुरुवात कुठून केली ते बघायला फार लांब जायला नको. घाटकोपरहून मेट्रोने अंधेरीकडे निघालात की चकाला स्थानक लागतं. त्याच्या पाटीवर जे. बी. नगरचंही नाव आहे. विवियन फर्नांडिस ऊर्फ डिव्हाइन हा रॅपर तिथला. ‘मुंबईज फायनेस्ट’ या गटात असताना तो आधी इंग्रजीत रॅप करायचा, मग वस्तीतल्या बोलीकडे, हिंदीकडे वळला. २०१३ मध्ये त्याचं ‘ये मेरा बॉम्बे’ आलं. पुढच्याच वर्षी कुर्ल्याच्या नेझीचं, म्हणजे नावेद शेखचं, ‘आफत’ आलं. त्याचं ध्वनिमुद्रण आणि चित्रीकरण दोन्ही आयपॅडवर झालं होतं. दिग्दर्शिका झोया अख्तर यांच्या पाहण्यात आला तो हाच व्हिडिओ. २०१५ मध्ये दोघांनी मिळून ‘मेरे गली में’ केलं आणि २०१९ च्या फेब्रुवारीत या दोघांवरून प्रेरित असा अख्तर यांचा ‘गली बॉय’ पडद्यावर झळकला.

ही गोष्ट सांगितली की मुलं एवढंच उचलतात : साध्या आयपॅडवर काम भागतं. भागतं, खरं आहे. पण त्या गाण्यांना पत्ता होता, हे निसटतं. कुठल्या मोहल्ल्यातला, कुठल्या भाषेतला, कुणावर चिडलेला मुलगा बोलतोय हे पहिल्या कडव्यातच कळत होतं. बोरिवलीतल्या चौथ्या मजल्यावर बसून सिएटलच्या पावसाबद्दल लिहिलेली गाणी मी पुष्कळ ऐकली आहेत. वादन सफाईदार असतं, पण गाणं संपल्यावर हाताला काही लागत नाही.

यासाठी रॅपच करायला हवं असं मुळीच नाही आणि हिंदीच हवी असंही नाही. ‘स्वदेशी’ या मुंबईच्या गटात मराठी, हिंदी, गुजराती, सगळं चालतं. २०१९ मध्ये आरेच्या जंगलाचा प्रश्न पेटलेला असताना त्यांनी तिथले आदिवासी कलाकार आणि कार्यकर्ते प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन ‘द वारली रिव्होल्ट’ केलं. संगीताच्या पानावर ज्यांना कधी जागा मिळाली नसती, त्यांची दखल शहराच्या पानाने घेतली. ‘अभंग रिपोस्ट’ने संतांचे अभंग गिटार-ड्रम्सवर नेले. त्यामुळे आजोबा आणि नातू एकाच कार्यक्रमाला येऊन बसतात. २०२४ मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या संजू राठोडची ‘गुलाबी साडी’ आणि क्रेटेक्स-श्रेयस यांचं ‘तांबडी चामडी’ रील्सवरून देशभर फिरलं. मराठीत गायलं तर कोण ऐकणार, ही शंका निदान आता तरी मुलांनी सोडून द्यावी. मात्र रीलमधलं गाणं लोकांच्या ओठावर बसतं, गाणाऱ्याचं नाव बसेलच असं नाही. तीस सेकंदांचा तुकडा आवडलेला माणूस तिकीट काढून गिगला येतो का, हा हिशेब वेगळा.

आधीच्या पिढीसाठी एक मोठा मंच ठरलेला होता. धोबी तलावच्या रंगभवनात १९८६ पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ व्हायचं. तिथे वाजवलं की शहरभर नाव व्हायचं. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांनी रंगभवनातले असे कार्यक्रम बंद झाले. त्यानंतरच्या मेटलवाल्या मुलांनी जे केलं ते मला करिअर म्हणून जास्त शिकण्यासारखं वाटतं. ‘डेमॉनिक रिझरेक्शन’च्या साहिल माखिजाला त्याच्या प्रकारच्या संगीतासाठी ना कंपनी मिळत होती ना कार्यक्रम. त्याने घरातच स्टुडिओ थाटला, स्वतःचं लेबल काढलं, ‘रिझरेक्शन’ नावाने स्वतःच कार्यक्रम लावले आणि त्यात इतर बँडनाही बोलावलं. हा बँड २०१० मध्ये नॉर्वेच्या ‘इन्फर्नो’ महोत्सवात वाजवून आला. ‘कंट्रोल आल्ट डिलीट’ ही गिगची मालिका तर श्रोत्यांच्या वर्गणीवर उभी राहिली. वर्गणी काढणं आपल्या मुलांना काय नवीन आहे? मंडळाची पावती पुस्तकं घेऊन सोसायट्यांचे जिने चढलेली मुलं बँडसाठी मात्र प्रायोजकाची वाट बघत बसतात. तीन-चार ओळखीच्या बँडनी मिळून एक संध्याकाळ घेतली तर भाडं विभागलं जातं आणि प्रत्येकाला बाकीच्यांचे श्रोते मिळतात. उपनगरात याहून स्वस्त जाहिरात नाही.

आता सरावाकडे येऊ. सोसायटीत ड्रम्स वाजवणं विसरा. निवासी भागात ध्वनिमर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. खरा ड्रमसेट ती पहिल्याच ठोक्याला ओलांडतो. म्हणून जॅमपॅड, म्हणजे सरावासाठी भाड्याने मिळणारी खोली. तासाला काही शे रुपये भाडं असतं, ते सगळ्यांत वाटून घ्यायचं. असे जॅमपॅड अंधेरीच्या बाजूला जास्त आहेत. घाटकोपर-वर्सोवा मेट्रो जून २०१४ मध्ये सुरू झाल्यापासून मुलुंड-घाटकोपरच्या मुलांना तिथे जायला दादरचा वळसा पडत नाही. ड्रमर ‘ब्रेकेबल्स’ म्हणजे झांजा, स्नेअर आणि पेडल तेवढं बरोबर नेतो, बाकीचा सेट तिथलाच. गिटार पाठीला लावून संध्याकाळी सहाच्या विरार लोकलमध्ये कुणी शिरू नये, दुपारची वेळ घ्यावी. घरी प्रत्येकाने आपापला भाग पक्का करायचा आणि जॅमपॅडवर फक्त एकत्र बसवायचा. भाड्याच्या तासात कॉर्ड शोधत बसणारा बँड तिथल्या मालकाशिवाय कुणाच्याच भल्याचा नसतो.

मंच अजूनही मिळतात, फक्त विखुरलेले आहेत. पवईत आयआयटीच्या ‘मूड इंडिगो’मधली ‘लाइव्हवायर’ ही बँडची जुनी स्पर्धा आहे. पार्ल्यात मिठीबाईचं ‘क्षितिज’, एन. एम.चं ‘उमंग’. मुंबई विद्यापीठाच्या युवा महोत्सवात भारतीय आणि पाश्चात्त्य समूहगीत, वाद्यवादन असे प्रकार असतात आणि तिथून राज्याच्या ‘इंद्रधनुष्य’पर्यंत जाता येतं. मला खरी गंमत वाटते ती आपल्या मराठी सभागृहांची. बोरिवलीचं प्रबोधनकार ठाकरे, मुलुंडचं कालिदास, पार्ल्याचं दीनानाथ. १९२३ पासून उभा असलेला पार्ल्याचा लोकमान्य सेवा संघ किंवा मुलुंडचा महाराष्ट्र सेवा संघ अशा संस्थांचे कार्यक्रम वर्षभर चालू असतात. दिवाळी पहाटेला, पाडव्याच्या शोभायात्रेनंतर, कोजागरीला वीस मिनिटं तरुण बँडला द्या, असं कुणी जाऊन विचारतच नाही. कार्यकर्ते काका फार तर नाही म्हणतील किंवा आवाज कमी ठेवा म्हणतील. दोन गिटार आणि एक काहोन, म्हणजे खोक्यासारखं तालवाद्य, घेऊन जावं.

कॅफे आणि पबवाले बहुधा कव्हर्स मागतात, लोकांच्या ओळखीची गाणी. त्यात कमीपणा मानू नये, हात बसतो आणि दोन पैसेही मिळतात. पण सेटलिस्टमध्ये तीन कव्हर्समागे एक ओसी, म्हणजे स्वतःची रचना, घुसवायचीच. अन्यथा दोन वर्षांनी लोक म्हणतात, ‘तो अरिजीतची गाणी छान म्हणणारा बँड,’ आणि मग त्या ओळखीतून सुटका नाही.

उपनगरातल्या एका कॉलेजात स्पर्धेची परीक्षक म्हणून बसले होते. प्रत्येक बँडला साउंडचेक धरून ठरावीक वेळ. एका बँडच्या गिटारवाल्याच्या पेडलमधली बॅटरी गेलेली. निम्मा वेळ ती शोधण्यात गेला, उरलेला साउंडवाल्यावर ओरडण्यात. पाठोपाठ आलेल्या बँडच्या गायिकेने साउंडवाल्या दादांच्या हातात एक कागद दिला. त्यावर मंचाचं साधं चित्र होतं : कोण कुठे उभं राहणार, कुणाला किती माइक, कुणाच्या मॉनिटरमध्ये काय हवं. यालाच टेक रायडर म्हणतात. तो आम्ही शाळकरी वहीच्या पानावर काढलेला पाहिला. दादांनी तो वाचला, मान हलवली आणि हात भराभर चालायला लागले. वादनात दोन्ही बँड सारखेच होते. हे साउंडवाले शहरभरच्या कार्यक्रमांना असतात. ‘पोरं बरी आहेत, त्रास देत नाहीत’ हे त्यांचं एक वाक्य कुठल्याही पोस्टरपेक्षा जास्त कामाचं.

गाणं ऑनलाइन आणण्याचा भाग मुलांना येतो असं सगळे गृहीत धरतात, पण घाई नडते. स्पॉटिफायवर आपण थेट गाणं चढवू शकत नाही, ट्यूनकोर, डिस्ट्रोकिड यांच्यासारख्या वितरकामार्फत जावं लागतं. गाण्याला आयएसआरसी हा बारा अक्षर-अंकांचा क्रमांक मिळतो, त्याची नोंद जपून ठेवावी. संपादकांच्या प्लेलिस्टसाठी अर्ज करायचा तर तो गाणं प्रसिद्ध होण्याच्या किमान सात दिवस आधी व्हायला हवा. मुलं रात्री मिक्सिंग संपवतात आणि सकाळी गाणं टाकतात, ती संधी तिथेच जाते. पैशांबद्दल भ्रम नको. स्पॉटिफायवर एखाद्या गाण्याने बारा महिन्यांत हजार वेळा वाजण्याचा टप्पा गाठला नाही तर त्याचं मानधनच सुरू होत नाही. यूट्यूबच्या जाहिरातींत वाटा हवा तर हजार सबस्क्रायबर आणि वर्षात चार हजार तासांचं प्रेक्षण लागतं, किंवा नव्वद दिवसांत शॉर्ट्सचे एक कोटी व्ह्यूज. सिनेमाच्या गाण्याचं कव्हर टाकलंत तर त्या जाहिरातीचा पैसा बहुधा मूळ कंपनीकडे वळतो.

आणि कागदपत्रं. बँड फुटतात ते बहुतेक वेळा संगीतावरून नाही, ‘ही चाल माझी’ यावरून. गाणं पूर्ण झालं त्याच दिवशी शब्द कुणाचे, चाल कुणाची, वाटा किती हे एका पानावर लिहून सगळ्यांनी सह्या कराव्यात. रचनाकार आणि गीतकारांनी आयपीआरएसचं सभासदत्व घ्यावं. गाणं सार्वजनिक ठिकाणी वाजलं की त्याचं शुल्क गोळा करून रचनाकारांपर्यंत पोचवणारी ही संस्था १९६९ पासून आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याने रचनाकार-गीतकारांच्या रॉयल्टीच्या हक्काला संरक्षण दिलं आहे. करारात ‘सर्व हक्क कायमचे’ असं दिसलं तर सही करण्याआधी वकिलाला दाखवा.

आता पालकांकडे वळते. ‘यात पैसा आहे का?’ याचं प्रामाणिक उत्तर असं की फक्त बँडवर घर चालवणारी माणसं थोडी आहेत. पण बँडमध्ये नीट काम केलेल्या मुलाला ध्वनिमुद्रण, मिक्सिंग, जाहिरातींची जिंगल, मालिकांचं पार्श्वसंगीत, लाइव्ह साउंड, कार्यक्रमांचं व्यवस्थापन, शिकवणं अशी कामं मिळू शकतात. ही कामं देणारी बरीच कार्यालयं आणि स्टुडिओ अंधेरी-गोरेगावच्या पट्ट्यातच आहेत. पुण्याच्या एफटीआयआयमध्ये ध्वनीचा रीतसर अभ्यासक्रम आहे. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या किंवा ट्रिनिटीच्या परीक्षा चालू ठेवल्या तर पुढे शिकवण्याच्या कामाला आधार राहतो. पदवी सोडून बँड करू द्यावा, असं मी कुठल्याच घराला सांगत नाही. कॉलेजची तीन-चार वर्षं हाच बँडसाठी सगळ्यात स्वस्त काळ असतो, राहायला घर असतं आणि महोत्सवांत प्रवेश असतो. पदवी झाल्यावर एक वर्ष मागितलं तर द्यावं, पण त्या वर्षात किती गाणी, किती गिग, किती कमाई हे आधी बसून लिहावं.

महागडी गिटार घेऊन देण्याची घाई करू नका, पहिली दोन वर्षं साधी चालते. त्यापेक्षा एखाद्या गिगला जाऊन मागे उभे राहा. तिथे तुमच्या मुलाशी बोलणारे आयोजक कोण, पैसे कधी आणि कसे देतात, टीडीएस कापला तर त्याची नोंद पॅनवर येते का, हे विचारायला लाजू नका. मुलगा किंवा मुलगी अठरा पूर्ण नसेल तर त्याची स्वतःची सही असलेला करार कायद्यापुढे टिकत नाही. अशा वेळी व्यवहार पालकांच्या नावाने करावा लागतो, म्हणजे गाणं नाही ऐकलं तरी करार तुम्हाला वाचावाच लागेल.